साडूचे ब्रेक

माझ्या साडूचं, म्हणजे रामहरीचं, काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना लोक मला उगाच सभ्य समजतील.

रामहरी पारनेर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट काढायचा, म्हशीपेक्षा जास्त हंबरणाऱ्या गवळ्यांची समजूत घालायची, हा त्याचा उद्योग. उंची बेताची, पोट जरा सुटलेलं, अंगाला कायम दुधाचा वास. आयटीआय अर्ध्यावर सोडलेला. माझं नाव कल्याण, मी नगरला कॉलेजात लॅब असिस्टंट, सावेडीत स्वतःचा फ्लॅट. त्याची बायको ज्ञानेश्वरी ही माझ्या मोनिकाची थोरली बहीण. आता कुणीही शहाणा माणूस विचारेल, की बाबा, यात तुला जळण्यासारखं काय आहे?

आहे. आमची सासुरवाडी पारनेरच्या अलीकडे, भैरोबाच्या टेकडीच्या पायथ्याशी. तिथं मी गेलो की खुर्ची येते. खुर्ची पुसली जाते. ट्रेमधून पाणी येतं. सगळ्यांना भाकरी आणि मला पोळी, कारण ‘शहरातल्या मान्सांना सोसत न्हाई’. सासूबाई, छबूबाई, माझ्याशी बोलताना पदर सावरतात आणि ‘जावईबापू’ म्हणतात. आणि रामहरी आला की? सारवलेल्या ओट्यावर तो चिखलाच्या चपला घेऊन चढतो आणि आतून आवाज येतो, “मुडद्या, डोळं फुटलं का तुझं? आत्ता सारवलंय म्या!” रामहरी हसत हसत खाली उतरतो, चपला काढतो, चुलीपाशी जाऊन बसतो. ती बोलत राहते, तो खात राहतो.

मी एकदा त्या घरात कैरीच्या लोणच्याची भरलेली बरणी फोडली होती. वर्षाचं लोणचं जमिनीवर. मी घाबरलो, पण खरं सांगतो, थोडी आशाही वाटली. छबूबाई आल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, “असू द्या, असू द्या जावईबापू. जुनीच हुती बरनी.” त्याच दुपारी म्हशीला पाणी दाखवायला उशीर झाला म्हणून रामहरीच्या सात पिढ्या निघाल्या. मी खुर्चीत बसून ऐकत होतो आणि अंगाचा तिळपापड होत होता.

मला काय हवं होतं ते साधं आहे. त्या घरात एकदा मनापासून बोलणी खायची होती. पाहुण्याला कुणी रागवत नाही, घरच्याला रागवतात. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मी अजून पाहुणाच. मोनिकाला हे सांगितलं तर ती हसत सुटली. “लोकांना मान मिळत नाही म्हणून वाईट वाटतं, तुम्हाला मिळतो म्हणून?” तिला काय कळणार! ती त्या घरची मुलगी, तिला रोज फुकट मिळायचं.

तर अशात रामहरीला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, मोटारसायकल सोडा, अंग हलवा. त्यानं जाड टायरची गिअरवाली सायकल जुन्यात घेतली. त्याच्या गावापासून केंद्रापर्यंतचा रस्ता टेकडीला वळसा घालून येतो, सगळा मुरूम आणि सुटे दगड. त्या सायकलीला डिस्क ब्रेक होते, पण फक्त नावाला. दांडी हँडलला टेकेपर्यंत दाबली तरी सायकल आपल्या मनानं थांबायची. त्यानं मला फोन केला. “पाव्हणं, तुमी शिकल्यालं मानूस. स्वस्तात चांगलं ब्रेक कुठलं, जरा बघून सांगा की.”

मला काय आनंद झाला! मी दीड महिना मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. कोणते पॅड पावसात धरतात, कोणती डिस्क लवकर तापते, सगळं तोंडपाठ. शेवटी ठरवलं, की ब्रेक घ्यावेत तर तेलावर चालणारे. एका बोटानं दाबा, सायकल जागच्या जागी. रामहरीला घेऊन नगरच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराच्या आधी मीच बोलायला लागलो.

रामहरीनं सगळं शांतपणे ऐकलं. मग दुकानदाराला एकच विचारलं, “ह्यातलं तेल गळलं तर पारनेरात कोन भरून देईल?”

“पारनेरला नाही होणार. सायकल नगरलाच आणावी लागेल.”

“मंग उतारावर ब्रेक लागला न्हाई तर नगरपर्यंत तसाच येऊ का?”

दुकानदार हसला. तिथं बसलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. रामहरीनं वायरवर चालणारे डिस्क ब्रेक घेतले. वायर कुठल्याही खेड्यात सायकलच्या टपरीवर मिळते, तुटली तर स्वतः बदलता येते. त्यातही त्यानं दोन्ही बाजूंचे पॅड दाबणारे निवडले. एकाच बाजूनं दाबणारे आणखी स्वस्त होते, पण त्यात डिस्क एकीकडे वाकते, असं दुकानदारानं सांगितलं. “लई भारी नको आन लई हलकं बी नको,” रामहरी म्हणाला. मी सुचवलेल्याच्या निम्म्या किमतीत काम झालं. दुकानदार त्याला म्हणाला, “तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिजे.” दीड महिना डोळे मी फोडले, आणि कौतुक ह्याचं.

पुढच्याच महिन्यात मीही सायकल घेतली. कशाला घेतली हे विचारू नका. तेलाचे ब्रेक असलेली घेतली.

एवढं मात्र मान्य करतो, की रामहरी त्या ब्रेकना जपायचा. एकदा मी सहज त्याच्या चकचकीत डिस्कवर बोट फिरवलं तर त्यानं माझा हात बाजूला केला. “बोट लावू नगा. आपल्या बोटाचं तेल बी चालत न्हाई तिला. एकदा का वंगन लागलं की ब्रेक गेला समजा.” हे व्हिडिओत मलाही दिसलं होतं. पण त्यानं सांगितल्यामुळे ते मला जास्त लागलं.

सासुरवाडीत तर सोहळाच झाला. छबूबाईंनी आळीभर सांगितलं, “आमच्या रामहरीनं लई इचार करून ब्रेक बसिवलं. जागच्या जागी थांबतीया गाडी.” माझी सायकल बघून म्हणाल्या, “छान हाय हो जावईबापू. लई म्हागाची असंल.” आणि आत गेल्या. मामा, म्हणजे सासरे, रामहरीची सायकल घेऊन दोनदा वेशीपर्यंत जाऊन आले. माझ्या सायकलीला त्यांनी हातही लावला नाही. म्हणे, “आपल्याला न्हाई जमायचं ते.”

दसऱ्याला आम्ही दोघेही सायकलीवर गेलो. मोनिका आणि ज्ञानेश्वरी आदल्या दिवशीच येऊन बसल्या होत्या. सकाळी अंगणात सगळी हत्यारं मांडली: विळे, खुरपी, कुऱ्हाड, पाण्याची मोटार, मामांची मोटारसायकल. त्या रांगेच्या शेवटी आमच्या दोन सायकली. छबूबाई ताट घेऊन आल्या. त्यांच्याकडे कुंकू करडईच्या तेलात कालवायची पद्धत आहे, म्हणजे लोखंडाला धरून राहतं. विळ्याला पट्टा, कुऱ्हाडीला पट्टा करत करत त्या रामहरीच्या सायकलीपाशी आल्या.

आणि थांबल्या. सायकलीला त्यांनी नीट निरखलं. कुठं लावलं म्हणजे शोभेल, याचा विचार करत होत्या. मग वाकल्या आणि पुढच्या चाकाच्या डिस्कवर, अगदी मन लावून, तेलाच्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. डिस्कला भोकं असतात, त्यांतून तेल पलीकडे ओघळलं. मग मागच्या डिस्कवर दुसरं स्वस्तिक. वर हळदीची बोटं. “ह्या ब्रेकानंच राखायचं माझ्या लेकाला,” असं पुटपुटत त्यांनी हात जोडले.

मी रामहरीकडे बघितलं. रामहरी आंब्याच्या झाडाकडे बघत होता.

त्या माझ्या सायकलीपाशी आल्या. हात पुढे केला, मग मागे घेतला. “तुमची भारी गाडी. डाग पडायचा.” हँडलवर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि ताट घेऊन गेल्या. तेलाच्या कुंकवानं ब्रेक बिघडतात हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटलं, की लावा, माझ्याही चाकाला लावा, बिघडू द्या.

त्या आत गेल्यावर मी रामहरीला म्हणालो, “पुसून टाका आत्ताच्या आत्ता.”

“दसऱ्याचं कुंकू?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “सवाशिनीनं लावल्यालं कुंकू पुसत असत्यात व्हय पाव्हणं? आन मामींनी बघितलं म्हंजी?”

“मग उद्या टेकडीवर कसे जाणार?”

“सावकास उतरू. पाय हायेत की.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या भैरोबाला सोनं वाहायला जायचा त्या घरचा रिवाज आहे. सकाळी आम्ही दोघे सायकलीवर निघालो. चढाला मी पुढे होतो. वर पोचलो, आपट्याची पानं वाहिली, नारळ फोडला. उतरताना रामहरी म्हणाला, “तुमी व्हा म्होरं. मी येतो रखडत.”

मी निघालो. काय सांगू तुम्हाला! तेलाचे ब्रेक काय चीज असतात ते त्या दिवशी कळलं. एका बोटावर सायकल. दुसऱ्या वळणावर मी कडेला घेऊन ऐटीत थांबलो आणि मागे वळून बघायला लागलो. आज तरी मी पुढे आणि हा मागे, हे मला डोळे भरून पाहायचं होतं.

वरून आधी आवाज आला. डिस्क कर्कश किंचाळत होती, मग ती किंचाळायचीही बंद झाली. रामहरी दोन्ही पाय जमिनीवर घासत येत होता, चपलेखालून मुरूम उडत होता. “सरका पाव्हणं, सरका!” मी सरकलोच होतो. तो माझ्या बाजूनं सुसाट गेला आणि वळण सोडून सरळ घाणेरीच्या झुडपात शिरला.

पहिला विचार मनात आला तो असा, की बरं झालं. मग मी धावलो.

हाड वाचलं होतं. कोपर आणि गुडघा सोलवटलेला, डावं मनगट लिंबाएवढं सुजलेलं. झुडपात बसूनच त्यानं आधी सायकल बघितली. “वाकली न्हाई ना डिस्क?” सायकलीला काही झालं नव्हतं. दोन्ही सायकली ढकलत आम्ही खाली आलो. गावातल्या दवाखान्यात पट्टी बांधली आणि घरी पोचलो.

छबूबाई अंगणातच होत्या. त्याचा गळ्यात बांधलेला हात बघून हातातलं सूप टाकून धावल्या. “अगं बया! कसा पडलास रं? त्ये नवं ब्रेक कुठं गेलं हुतं?”

आता ऐका. अकरा वर्षांत माझ्या वाट्याला असा क्षण आला नव्हता. वाक्य जिभेवर तयार होतं: मामी, ब्रेक चांगले होते, तुमच्या तेलानं घात केला. खोटं काही नव्हतं त्यात. लाडका जावई लाडानंच पडला, आणि ज्याला फूल ठेवून वाटेला लावलं तो धडधाकट उभा आहे. मी तोंड उघडलं.

“कुत्रं आडवं आलं मामी,” रामहरी म्हणाला. “काळं. त्याला वाचवाया गेलो आन झुडपात शिरलो. ब्रेक काय करनार?”

छबूबाई माझ्याकडे वळल्या. “व्हय का जावईबापू?”

रामहरी माझ्याकडे बघत नव्हता. तो त्यांच्या हातांकडे बघत होता. बोटांच्या पेरांवर कालचं कुंकू अजून लाल होतं.

“हो,” मी म्हणालो. “काळंच होतं. शेपूट तुटलेलं.”

मग जे सुरू झालं ते मला बघवलं नाही. हळद-दूध काय, बाजेवर गोधडी काय, दृष्ट काढणं काय! आणि सगळ्याबरोबर तोंड चालूच. “कुत्र्यापायी जीव देतोस व्हय रं? अक्कल हाय का तुला?” पडून वर इतकं! मी खुर्चीत बसलो होतो. मला त्या पट्टीचासुद्धा हेवा वाटला. मोनिकानं विचारलं, “तुम्हाला कुठं लागलं नाही ना?” मी म्हणालो, “नाही.” ती “बरं” म्हणून चहा ठेवायला गेली. नीट थांबलेल्या माणसाची कुणाला पडली आहे?

दुपारी रामहरीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. “पाव्हणं, एक काम करा. मला ज्ञानी मामांच्या मोटारसायकलीवर घेऊन जाईल, पन सायकल हितंच ऱ्हानार. मामा कुलूप नसल्याली गाडी सोडत न्हाईत, तुमाला ठावं हाय. उद्या भैरोबाला निघालं म्हंजी?” त्यानं दवाखान्यातून आणलेली स्पिरिटची बाटली माझ्या हातात दिली. “तेवढं पुसून ठिवा. पॅड दगडावर घासा. मला एका हातानं न्हाई जमायचं. खरं सांगू का, दोन असतं तरी न्हाई जमायचं.”

मी सायकल गोठ्यामागे नेली. खुर्ची नव्हती, उकिडवा बसलो. कापूस स्पिरिटमध्ये भिजवून डिस्कवर फिरवला तर सगळा लाल झाला. दुसरा बोळा घेतला, तोही लाल. पुढचं स्वस्तिक गेलं. पॅड काढून दगडावर घासले, परत बसवले. मागच्या चाकाला हात घातला तेवढ्यात पाठीमागे बादली आपटल्याचा आवाज झाला.

“काय करतोस रं त्ये?”

छबूबाई म्हशीला पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी चाक बघितलं, माझ्या हातातला कापूस बघितला.

“मामी, चिखल होता जरा...”

“चिखल लाल असतोय व्हय? दसऱ्याचं कुंकू पुसतोस? त्यो तिकडं हात बांधून पडलाय आन तू हितं त्याच्या गाडीचं कुंकू पुसतोस? कुनी शिकिवलं तुला? कालिजात ह्येच शिकिवत्यात का?”

“तसं नाही मामी...”

“गप बस! मला कळत न्हाई व्हय? जळतोस तू त्याच्यावर. आज न्हाई, लगीन झाल्यापासनं जळतोस. त्यानं सायकल घेतली की तुला सायकल. त्यानं ब्रेक घेतलं की तुला ब्रेक, ते बी दुप्पट पैशाचं. त्याला भाकरी वाढली तरी बघत बसतोस टकामका. म्या काय आंधळी हाय? बोलत न्हाई म्हून काय दिसत न्हाई?”

खरी गोष्ट पुन्हा जिभेवर आली. एका वाक्यात सुटलो असतो. पण ते वाक्य तिच्या दोन्ही हातांवर पडलं असतं, आणि पुढच्या दसऱ्याला ती कुठल्याच हत्याराला नीट कुंकू लावू शकली नसती. जळण्याचा आरोप अकरा वर्षांचा खरा होता, आजचा तेवढा खोटा होता. मी खाली मान घालून बसलो. गोठ्याच्या भिंतीपलीकडे बाजेवर रामहरी होता, त्याला सगळं ऐकू जात होतं, आणि तोही गप्प होता.

“थांब हितंच. तेल-कुंकू आनते. परत लावते.”

मी उडालोच. “मामी, चाकाला नको! चाक रस्त्यावर फिरतं, शेणात जातं, चिखलात जातं. कुंकू तिथं बरं का? हँडलला लावा. कपाळासारखं वर राहतं.”

छबूबाई थबकल्या. विचार केला. “मंग ह्ये काल तुला सांगाया काय झालं हुतं? त्वांड शिवलं हुतं का? नुसता बसतोस खुर्चीत बापू होऊन!” त्या बडबडत आत गेल्या, ताट घेऊन आल्या आणि रामहरीच्या हँडलला ठसठशीत पट्टा ओढला. जाताना बादलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “म्हशीला पाज त्ये. मला कंबर न्हाई.”

मी म्हशीला पाणी पाजलं, मागची डिस्कही पुसली, तिचे पॅड घासले. मग हात धुवून आत गेलो. मोनिका पिशवी भरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, चेहरा पडला होता.

“आई तुम्हाला असं कसं बोलली? जावयाला असं बोलतात का कुणी? मी आत्ता जाऊन तिला विचारते.”

“थांब,” मी तिचा हात धरला. “आधी मला सांग. रामहरीला कधी एवढं बोलली आहे का ती?”

मोनिका आठवायला लागली.

“नाही,” ती म्हणाली. “त्यांना मुडद्या-बिडद्या म्हणते, पण एवढं कधी नाही. इतकं तर मलाही नाही बोलली कधी.”

“नक्की?” मी विचारलं. “नीट आठवून सांग.”